सगळ्यात मोकळा सर्व्हर

सुवा, ४ नोव्हेंबर
बटण दाबलं तेव्हा माझ्या हाताखालची लोसालिनी मागून अजून बोलतच होती. बोलू दे. आजपासून फेरीबोटीचं तिकीट काढणारा प्रत्येक माणूस आधी माझ्या लोड बॅलन्सरच्या दारात येईल. आतल्या तीन सर्व्हरांपैकी ज्याच्याकडे सगळ्यात कमी काम, त्याच्याशी तो जोडून देईल. लोसालिनीला पाळीपाळीने वाटायचं होतं. पाळीपाळीने शाळेत फळा पुसतात.

६ नोव्हेंबर
नवी तक्रार. सर्व्हर जिवंत आहे का, हे बॅलन्सर हाक मारून पाहतो. 'आहे' असं उत्तर आलं की पुरे. ही म्हणते, इसोआदादा, ओ काय, कुणीही देईल. तिकिटांच्या डेटाबेसपर्यंत पोचतोय का, तेही विचारा ना. मी म्हणालो, बाई, तू सकाळी 'आले' म्हणतेस, आम्ही पुढे काही विचारतो का? सगळे हसले. ती नाही. विनोदबुद्धी शिकवता येत नाही.

७ नोव्हेंबर
उद्या नाताळची तिकिटं. निम्मं सुवा तावेउनी बेटावर घरी जायला तुटून पडेल. हे पार पडलं की मी विभागप्रमुख. नेमानीसाहेबांनी तसा शब्दच दिलाय. म्हणाले, बघू.
भाषण लिहिलं. लोसालिनीच्या आभाराची एक ओळ घातली. मग काढली.

८ नोव्हेंबर, सकाळ
दोन नंबरचा सर्व्हर कमालीचा चपळ. माणूस आला की क्षणात मोकळा. बॅलन्सरने गुण ओळखला. जवळजवळ सगळी गिऱ्हाइकं त्याच्याकडेच. बाकीचे दोघे एकेक तिकीट चघळत बसलेत. लोसालिनीला मुद्दाम दाखवलं. म्हणाली, दादा, यानं एक तरी तिकीट विकलंय का? मत्सर.

दुपार
विकलेलं नाही. डेटाबेसशी त्याचा संबंध पहाटेच तुटला होता. येईल त्याला 'चूक झाली' सांगून वाटेला लावायचा आणि पुन्हा मोकळा. मोकळा, म्हणून पुढचा माणूसही त्याच्याकडेच. हाकेला मात्र 'आहे'. सर्व्हरच खोटारडा निघाला, त्याला मी काय करणार?
फोनवर एक म्हातारी म्हणाली, बाळा, सकाळपासून चूक झाली, चूक झाली चाललंय. माझी की तुझी, तेवढं सांग. मी म्हणालो, आजी, तुमच्या मोबाइलची.

संध्याकाळ
लोसालिनीने मला न विचारता दोन नंबर काढून टाकला. तिकिटं जाऊ लागली. शिस्त म्हणून राहिली नाही. साहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, बघतो.

९ नोव्हेंबर
सकाळी साहेबांनी लोसालिनीला विभागप्रमुख केलं. मला धक्क्यावरच्या तिकीटखिडकीत पाठवलं. कालची गिऱ्हाइकं तिथे आधीच येऊन उभी होती.