बोटं दुखत होती म्हणून वाचलं

बाई, तुमच्या मातीला मी आले नव्हते. इथं बेळगावात, टिळकवाडीत एका घरी भाकऱ्या थापत होते. तुम्ही गेल्याचा निरोप आला, तव्यावरची भाकरी उलटली आणि पुढची थापायला घेतली. रडू आलं नाही. अजून येत नाही, तेव्हा हे रडायचं पत्र नव्हे. सांगायचं राहिलंय तेवढं सांगते आणि उठते, कणीक भिजवून ठेवलीय.

निपाणीतली आपली गल्ली आठवते. दुपारी दहा-बारा बायका ओट्यावर ओळीनं बसलेल्या, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, विड्या वळणं चाललेलं. तुम्ही चर्चच्या मंडळीतल्या, पवित्र शास्त्र वाचून दाखवणाऱ्या बाई, काखेत छत्री मारून यायचात. तुमचे डोळे अधू झाले तसं पुस्तक माझ्या हातात आलं, कारण चौथीपर्यंत शाळा बघितलेली त्या ओळीत मी एकटीच. पण वाचणारीचे हात अडकले तर तिच्या विड्या कोण वळणार? तुम्हीच रीत पाडली, प्रत्येकीनं आपल्या सुपातल्या मूठभर विड्या वाचणारीच्या सुपात टाकायच्या. शेजारी बसणारी आक्का टाकताना टोमणा मारल्याशिवाय राहायची नाही. "घे गं राणी, देवाच्या नावानं आयतं खा." सगळ्या हसायच्या. मी अडखळले की मात्र तिचेच हात पहिले थांबायचे. "परत वाच की, मला कळलं न्हाय."

तुम्ही ठरवून टाकलंत, पोरीला देवाच्या कामाचं बोलावणं आहे. पाळकांनाही सांगितलंत. रविवारी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना होणार आणि तुमच्यामागं ते काम माझं, घरोघरी आजाऱ्यांपाशी बसायचं, वाचायचं, मरणाऱ्याचा हात धरायचा. मला कुणी विचारलं नाही. शनिवारी मी तुमच्या स्वयंपाकघरात आले. तुम्ही पिठलं हाटत होता. मी म्हटलं, "बाई, मला बोलावणं-बिलावणं काय न्हाय. बोटं दुखत्यात म्हणून वाचतो मी." तुम्ही मागं वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. "बोटं दुखणाऱ्याला देव बोलवत न्हाय, असं कुठं लिवलंय?" मी म्हटलं, "परवा ती म्हातारी गेली तवा मी हात धरून वाचत हुतो. मला कायच वाटलं न्हाय. दगडागत बसलो." तेव्हा पळी आपटलीत. "तुला वाटावं म्हणून वाचतीस व्हय? ती ऐकत हुती न्हवं? वाटायचं देवाकडं सोड. तू वाच." आणि तुमचं पुस्तक, जुन्या लुगड्याच्या कापडात बांधलेलं, माझ्या हातात कोंबलंत.

रविवारी सगळी मंडळी चर्चमध्ये आणि मी स्टँडवर. बेळगावची गाडी लागलेली, चढले. मग लग्न, पोरं, लोकांच्या घरची पोळी-भाजी. कुणी विचारलं तर सांगायची, पोटासाठी आले. पुस्तक कुठं गेलं? गाडीत हरवलं. हरवलं नव्हतं, बाई. संकेश्वरला शेजारची बाई उतरली, तिच्या रिकाम्या जागेवर ते मी ठेवलं आणि बेळगावला न घेता उतरले. कापडाला तंबाखूचा वास येत होता. एवढंच आठवतं.

गेल्या महिन्यात आक्काच्या मुलीचा फोन आला. "मावशी, आईनं अंथरूण धरलंय. वाचणारीला बोलव म्हणती." मी म्हटलं, "पाळक हायत की." "ते येऊन गेले. तूच पायजेस म्हणती." दोन शनिवार टाळले. तिसऱ्या शनिवारी निपाणीला गेले. आक्का एवढीशी उरलीय, नजर गेलीय, जीभ आहे तशीच. "आलीस व्हय? गाडी लई उशिरा सुटली म्हणायची." माझ्यापाशी पुस्तक नव्हतं. मुलीनं मोबाईलवर काढून दिलं, तर अक्षर बारीक आणि चष्मा घरी. मग तोंडाला येईल ते म्हणत गेले. आलं. ओट्यावर वाचलेलं सगळं तसंच होतं, अडखळायच्या जागासुद्धा त्याच. आत काही हललं नाही. मध्येच बघते तर आक्काची बोटं चादरीचा काठ वळत होती, विडी वळल्यासारखी, आणि थोड्या थोड्या वेळानं तिची मूठ माझ्या मांडीवर येऊन उघडत होती. रिकामी. माझं म्हणणं तिथंच थांबलं. "वाच की गं," ती म्हणाली, "आयतं खाऊ नगंस."

वाचलं मी. परतीच्या गाडीत खिडकीला बसले, शेंगा खाल्ल्या, घरी येऊन झोपले. वाटायचं ते देवाकडं सोडलं की नाही, मला कळत नाही. सोडायला हातात काही असावं लागतं. येत्या शनिवारी परत जायचंय. आक्का तोवर असेल असं मुलगी म्हणते. चष्मा आत्ताच पिशवीत टाकून ठेवलाय. हे पत्र डाळीच्या डब्याखाली सारते. तुमची माती कुठल्या बाजूला आहे तेही मला माहीत नाही, पाठवू कुठं?

टिळकवाडीच्या वहिनींकडं शनिवारची सुट्टी मागितली. "परत निपाणी? काय आहे तिथं?" म्हणाल्या. दाढ दुखतीय, तिथला डॉक्टर बरा आहे, असं सांगितलं मी.