लुईसच्या उंचीची मेणबत्ती

शनिवार, ३ ऑगस्ट १९४६

मोडली! उचलताना मधोमध मोडली.

केळीच्या खोडाचा गाभा काढून त्यात मेण ओतायचं, ही आयची, माझ्या सासूची, कल्पना. वाडीत केळी उदंड, म्हणून. गरम मेण आत पडलं आणि खोडाला पाणी सुटलं. तडतड उडायला लागलं. माझ्या मनगटावर फोड आलेत. निघाली ती मेणबत्ती कसली, वाळवीने खाल्लेला वासा!

दोन तुकडे तापल्या सुरीने जोडता येतात. मी तसं म्हटलं, तर आय ओट्यावरून ओरडली, ‘‘माझा पोर काय दोन तुकड्यांत येनार हाय?’’

मग माळ जपायला लागली. माझ्या हाताला काय लावलं, हे विचारलं नाही.

रविवार, ४ ऑगस्ट

नवस तिचा, काम माझं.

माझा नवरा लुईस परत यावा म्हणून त्याच्या उंचीची मेणबत्ती सायबिणीला, देवळातल्या मारियामातेला, द्यायची. एकसंध, भर माणसाच्या दंडाएवढी जाड. सायबिणीच्या जन्माच्या सणाच्या आत, म्हणजे आठ सप्टेंबरच्या आत. एवढी मोठी विकत कुठेच मिळत नाही. मुंबईला साचे असतात म्हणे. इथे आमच्या गास गावात कुठला साचा? भोपळे आणि केळी.

मिस्सा झाल्यावर फादरनी आयला समजावलं, ‘‘बायजाबाई, नवस मुलगा आल्यावर फेडायचा असतो.’’ तर ही म्हणते, ‘‘आधीच दिली की तिला लाज वाटंल, फादर. मेनबत्ती घेऊन बसली आनि पोर नाय दिला, असं कसं करंल ती?’’

फादर हसले. बाया हसल्या. मी नाही हसले. चार महिने हे मेण मीच गोळा करते आहे. देवळातले तुकडे, सोपाऱ्याच्या रामनाथशेठकडून थोडं पांढरं मेण, कामणहून आलेलं मधाच्या पोळ्यांचं. ते तर गाळता गाळता जीव गेला. मेलेल्या माशा, काड्या, काय नव्हतं त्यात?

मंगळवार, ६ ऑगस्ट

पाऊस. लाकडं ओली. काही झालं नाही.

गुरुवार, ८ ऑगस्ट

उंचीवरून भांडण. आय म्हणते, लुईस दारातून येताना मान वाकवायचा, म्हणजे चौकटीइतका. मी म्हटलं, वाकवायची त्याची सवय होती. गरज नव्हती.

‘‘तुला काय म्हाईत? पोटातून मी काढला त्याला!’’

मला माहीत आहे. त्याच्या समोर उभी राहिले की माझं कपाळ त्याच्या हनुवटीला लागायचं. हे सासूला कसं सांगायचं? चौकटीइतकी तर चौकटीइतकी.

लग्नानंतर तीन महिनेही पुरते घरात नव्हता. मग बोटीवर गेला, बटलरच्या हाताखाली. सिंगापूर पडलं तेव्हा बोट तिकडेच होती. त्यानंतर काही नाही. कंपनी म्हणते, बेपत्ता. लढाई संपून वर्ष होत आलं. गावचे बाकीचे परत आले, जे यायचे ते.

खरं सांगते, त्याचा चेहरा मला नीट आठवत नाही. हनुवटी आठवते.

रविवार, ११ ऑगस्ट

विरारहून भाऊ आला होता. तिथे मी लग्नाआधी शिकवायचे त्या शाळेत जागा आहे. बाईच हवी आहे, सातवी पास. हेडमास्तर महिन्या-दीड महिन्यापर्यंत थांबतील म्हणाला.

मी म्हटलं, मेणबत्ती झाली की सांगते.

भाऊ भडकला. ‘‘मेणबत्ती! अगं, तू कोण आहेस या घरात? नवऱ्याची बायको म्हणावं तर नवरा नाही. विधवा म्हणावं तर काळं नेसू देत नाही म्हातारी.’’

आय आतून ऐकत होती. बाहेर आली, त्याच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, ‘‘लुईस आला की ह्याच घरात तुला बोलावनार हाय मी जेवायला. तवा बघू, तोंड कसं दाखवतोस!’’

भाऊ चहा न घेता गेला. तो चहा मीच प्यायले. साखर रेशनची, टाकवेना.

गुरुवार, १५ ऑगस्ट

बांबू! जाड बांबू उभा चिरला, आतल्या गाठी कोरून काढल्या, खोबरेल चोपडलं, पुन्हा जोडून काथ्याने आवळला. फटींना चिकणमाती. मधून वात, खाली दगड बांधून. आज सायबिणीच्या स्वर्गारोहणाचा सण, म्हणून काम करू नये असं आय म्हणेल वाटलं, पण ‘सायबिनीचंच काम हाय’ म्हणाली.

मेण ओतलं. अर्ध्यावर आलं आणि खालून माती सुटली. मेण अंगणभर! कोंबड्या त्यातून चालत गेल्या.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

अंगणातलं मेण खरवडलं. निम्मी माती. पुन्हा गाळा.

मंगळवार, २० ऑगस्ट

आज बांबूत पूर्ण भरली. गळली नाही. मी इतकी खूश झाले की आयला हाक मारून दाखवली.

तिची नजर अधू, तिने बोट घातलं वरून. ‘‘मधी खड्डा पडलाय.’’ खरंच. मेण निवताना मधोमध खचतं. पुन्हा ओतलं. पुन्हा खचलं. पुन्हा ओतलं.

बुधवार, २१ ऑगस्ट

चिकटली. बांबूच्या आतल्या रेषांत मेण जाऊन बसलंय. ठोकलं, ओढलं, शेवटी कोयत्याने बांबू फोडला. मेणबत्तीची सालं निघाली. आणि वात? एका अंगाला! पेटवली असती तर एक कड जळून गेली असती आणि बाकीची तशीच उभी राहिली असती.

कोयता भिरकावला. वाडीतल्या बावखलात, तळ्यात, पडला. आता उन्हाळ्यात पाणी ओसरेल तेव्हा मिळेल.

शनिवार, २४ ऑगस्ट

इनासदादाकडे गेले. लुईसचा चुलतभाऊ, खरं नाव इग्नेशियस, सुतारकाम करतो. त्याच्या घराला पत्र्याची पन्हळ आहे, अर्धगोल. असे दोन तुकडे समोरासमोर जोडले की गोल नळी होते.

‘‘पावसाळ्यात पन्हळ मागतेस? मग माझ्या भिंतीवर छत्री धरून तू उभी राहशील?’’

मी म्हटलं, राहीन.

त्याची बायको हसली. तो नाही. ‘‘कॅथरिन, आयसाठी करतेस की त्याच्यासाठी?’’

संपावं म्हणून करते आहे.

सोमवार, २६ ऑगस्ट

आज फार वाईट झालं.

मेण चुलीवर होतं. गरम पाण्याच्या हंड्यात टोप ठेवून वितळवायचं, हे मला ठाऊक आहे. पण ओल्या लाकडांनी पाणी तापेना, म्हणून टोप सरळ जाळावर ठेवला. उतू गेलं. भडका छपराच्या पेंढ्यापर्यंत गेला. मी ओलं गोणपाट टाकलं म्हणून घर वाचलं. भुवया जळल्या. वास अजून नाकात आहे.

आय धावत आली आणि काय म्हणाली? ‘‘मेन जळलं काय गं?’’

मेण!

मग मी बोलले. सगळं बोलले. ‘‘तो मेला आहे, आय. चार वर्षं झाली. समुद्रात गेला तो. सगळ्या गावाला कळतं, तुलाच कळत नाही. मेणबत्ती त्याच्याएवढी कर नाहीतर माडाएवढी कर, मेलेलं माणूस येत नाही!’’

आय चुलीपुढे बसली. सांडलेलं मेण नखांनी उचलत राहिली. मी वाडीत निघून गेले.

मंगळवार, २७ ऑगस्ट

आय जेवली नाही. मीही नाही. घरात भांडं वाजलं नाही.

बुधवार, २८ ऑगस्ट

सकाळी पाणी आणायला गेले होते. परत आले तर आय चुलीपाशी. मेण तिने हंड्याच्या पाण्यात ठेवलं होतं, रीतसर, आणि लाकडी पळीने ढवळत होती. डोळ्यांना धूर लागून पाणी वाहत होतं. जवळ सुतळी होती.

माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘चौकटीची उंची नको. तू सांग किती ते. शेवटचा तूच त्याला जवळून बघितला हायस.’’

मी मग डोक्यावरची कळशी उतरवली, कपाळाच्या वर हात धरला. हनुवटी इथे. मग हात वर नेला, डोकं एवढं. आयने सुतळी माझ्या टाचेपासून धरली आणि माझ्या हातापर्यंत नेऊन गाठ मारली.

‘‘लई उंच नव्हता म्हन की,’’ म्हणाली. एवढंच.

मेलाय की जिवंत आहे, त्यावर ती बोलली नाही. मीही नाही.

शुक्रवार, ३० ऑगस्ट

इनासदादा स्वतः पन्हळ घेऊन आला! खांद्यावर, भर पावसात. त्याच्या भिंतीला त्याने माडाच्या झावळ्या बांधल्यात म्हणे. पत्र्याच्या कडा त्यानेच दुमडून बसवल्या, तळाला लाकडी बूच, बुचाच्या मधोमध भोक. वात त्यातून ओवून खाली गाठ, वर आडवी काडी. आता कशी सरकेल?

सोमवार, २ सप्टेंबर

ओतली. तिघांनी मिळून. आय पळीने, मी तांब्याने, दादा साचा धरून. बूच थोडं पाझरलं, आयने पिठाचा गोळा लावला. थांबलं. आता कोणी हात लावायचा नाही.

मी चारदा जाऊन बघून आले. खचलं की ओतलं, खचलं की ओतलं. या मेणाचं पोट भरतच नाही.

बुधवार, ४ सप्टेंबर

निघेना. पत्र्याला घट्ट धरून बसलीय. दादा म्हणाला, पत्रा कापू. मी म्हटलं, तुझी पन्हळ आहे. तो म्हणाला, ‘‘पन्हळीला काय चाटायचंय?’’

पण आय म्हणाली, ‘‘बावखलात घाला.’’

मी म्हटलं, तळ्यात? ‘‘थंड झालं की मेन अंग चोरतं. घाला.’’

साचा दोरीने बांधून पाण्यात सोडला. दुपारभर ठेवला. वर काढला, दादाने जोड उसवला, वरचा पत्रा उचलला —

देवा! एकही भेग नाही. पिवळसर, मधाच्या रंगाची, गुळगुळीत. आयने दोन्ही हातांनी चाचपली. वरून खाली, सबंध. न्हाऊ घातलेल्या मुलाला पुसतात तशी. मग तोंड फिरवून घरात गेली.

मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या मागे गेले नाही. तिला रडू दिलं.

रविवार, ८ सप्टेंबर

सण. नवी भाताची कणसं घेऊन सगळा गाव देवळात. मेणबत्ती दादाने आणि मी धरून नेली, पांढऱ्या कापडात. लोक बाजूला होत होते. कोणी हसलं नाही आज. फादरनी आशीर्वाद दिला. सायबिणीच्या वेदीशेजारी खुंटीला दोरीने बांधून उभी केली.

आयने मला म्हटलं, तू पेटव. पेटवली. ज्योत सरळ उभी राहिली.

मी प्रार्थना केली नाही. मनात एवढंच आलं की, लुईस, तू एवढाच होतास.

परत येताना आय म्हणाली, ‘‘आता तिचं काम. आपलं झालं.’’ रस्ताभर माझा दंड धरून चालली. घरी दोघींनी कणसांचे नवे दाणे घालून केलेली खीर खाल्ली. भावाला उद्या काय कळवायचं, ते ठरत नाहीये. ही एकटी कशी राहील?

मंगळवार, १० सप्टेंबर

देवळात जाऊन आले. नखभरही जळली नाही अजून. वर्ष पुरेल!

शुक्रवार, १३ सप्टेंबर

आगाशीचा एक माणूस आला होता. लुईसच्या बोटीवरचा, गेल्या आठवड्यात मुंबईला उतरला. लुईस जिवंत आहे. पेनांगला हॉटेलात स्वयंपाकी आहे. बायको आहे, एक मुलगी आहे. येणार नाही म्हणाला. घरी सांगू नकोस असंही म्हणाला होता, पण याच्याने राहवलं नाही.

आयने त्याला पोटभर जेवू घातलं. मग देवळात गेली. परत आली तेव्हा बोटांना काजळी होती.

‘‘विझवून आले,’’ म्हणाली. ‘‘लुगडी भर तुझी. उद्या विरारला जायचंय. मी पन येते.’’