आई, तो रोग मला दिसला!

प्रिय आई,

आज म्हाकूआबा दवाखान्यातून घरी गेले. स्वतःच्या पायांनी! तुलाच आधी सांगायचं होतं, म्हणून लिहायला बसले.

आबा म्हणजे माणदेशातले म्हातारे मेंढपाळ. तुझी लेक आता लोणंदला कत्तलखान्यात जनावरांची डॉक्टर आहे बरं का! कापायच्या आधी मेंढरं तपासायची, कापल्यावर मटण. मागच्या आठवड्यात आबांनी जत्रेसाठी टेम्पो भरून मेंढरं आणली. त्यातलं एक वाटेतच मेलेलं. नाकातून काळपट रक्त, ते गोठेचना. खाटकानं सुरी काढली आणि मी ओरडलेच, "थांबा! हात लावू नका!"

"आगं बाई, दाटीनं मेलंय," आबा म्हणाले. "मास ताजं हाय. वाया कशाला घालवायचं?"

आई, वस्तीवर मेलेलं मेंढरू कापताना तूही हेच म्हणाली होतीस!

कानातून थेंबभर रक्त घेतलं, काचपट्टीवर पसरून रंग दिला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आणि दिसले! निळ्या कांड्यांसारखे जंतू, एकाला एक लागून. फाशी रोग, म्हणजे अँथ्रॅक्स! हाच माणसाला झाला की काळपुळी. तुझ्या बोटावर तो काळा फोड उठला, तेव्हा आपल्यात कुणाला त्याचं नावही ठाऊक नव्हतं. "किडा चावला आसंल," म्हणत तू तापातही भाकरी थापत राहिलीस. का गं दाखवलं नाहीस कुणाला?

मेंढरू न कापताच खोल खड्ड्यात चुना टाकून पुरलं. बाकीची अडवली. जत्रेची मंडळी लय चिडली. "जत्रा बुडवली बाईनं!"

"मटण दुसरं मिळंल," मी म्हटलं, "माणसं कुठनं आणू?"

तेवढ्यात आबांचं मनगट दिसलं. मधोमध काळा फोड, भोवती सूज! आधीही एक मेलेलं मेंढरू त्यांनी सोललं होतं.

"दुखत न्हाई गं. काटा लागला आसंल."

"काळपुळी दुखत नाही, म्हणूनच चला!" गाडीत घालून थेट साताऱ्याला नेलं. औषध वेळेवर मिळालं, आई. वेळेवर!

आज निघताना आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, तुझ्या आईला भेटाय यायचं हाय मला. कुठं आसती?"

"याच फोडानं गेली ती, आबा," मी म्हटलं.

या रविवारी आपल्या वस्तीवर जाणार आहे, मेंढरांची लस घेऊन. दारोदार फिरून सांगणार आहे, आपोआप मेलेल्या मेंढराला कुणी सुरी लावायची नाही. ऐकेपर्यंत सांगेन, आई. वचन आहे माझं.

तुझी,
शालन