बेसमेंटचं सामाजिक आणि आर्थिक धोरण

१२ जानेवारी, रविवार

वरून आणलेल्या मिठावर आयात कर लावायचा का? खरं सांगायचं तर मला याचं उत्तर येत नाही. भारतातून इथे येऊन सार्वजनिक धोरण या विषयात मास्टर्स करतेय, तिसरं सेमिस्टर संपलं, आणि रत्नाकाकू हॉटप्लेटवर आमटी ठेवून विचारतायत, "सांग ना आसावरी, लावतात की नाही?" मी म्हटलं, रेफरन्स बघून सांगते. तोवर आमटी अळणीच खाल्ली.

नीट लिहून ठेवते, नाहीतर पुढे माझाच विश्वास बसणार नाही.

गुरुवारी जेवताना काकूंच्या यजमानांनी, मनोहरकाकांनी, सांगितलं की हे घर विकायचं. उन्हाळ्यात कायमचं फ्रीमाँटला जायचं, मुलाकडे, नकुलकडे. एजंटशी बोलणं झालंय. काकूंनी विचारलं, "कधी ठरलं?" काका म्हणाले, "ठरलंय. तुला काही करायचं नाही, फक्त एक सही." घर दोघांच्या नावावर आहे.

काकूंनी ताट उचललं, धुतलं. मग उशी, कुकर, मिक्सर आणि देव घेऊन खाली बेसमेंटमध्ये आल्या. इथे माझी भाड्याची खोली आहे, शेजारची मोठी खोली, जुना सोफा आणि टीव्ही सोडला तर, रिकामीच असते. म्हणाल्या, "आजपासून हा स्वायत्त प्रदेश."

शब्द माझाच. माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट स्वायत्त प्रदेशांच्या धोरणांवर आहे. प्रेझेंटेशनचा सराव मी मोठ्याने करते आणि काकू तेव्हा इस्त्री करत असतात. मला वाटायचं, ऐकत नसतील.

१३ जानेवारी, सोमवार

काकूंनी मसुदा मागितला. "नुसतं तोंडी नको. वरचा माणूस इथल्या महाराष्ट्र मंडळात बारा वर्षं सेक्रेटरी होता. कागद नसला तर मोजत नाही."

बसले लिहायला. आर्थिक बाजू वाटली त्यापेक्षा मजबूत निघाली. तांदळाची पोती, बेसन, लोणच्याच्या बरण्या, सगळा साठा बेसमेंटमध्येच असतो. वॉशर-ड्रायर आमच्याकडे. घर तापवणारी फर्नेसही आमच्याकडे, पण थर्मोस्टॅट वर. म्हणजे ऊर्जा आमची आणि बटण त्यांचं. वाचलेल्या प्रत्येक केस स्टडीत हेच होतं! वर काय आहे? गॅस, चहा, मीठ आणि काका.

सामाजिक धोरणात काकूंनी एकच कलम सांगितलं. बाकी सगळं मी घातलं — दुपारची झोप, देवाची जागा, मालिका लागल्यावर शांतता. त्यांचं कलम असं: कोणाच्याही आयुष्याबद्दल काही ठरवायचं तर आधी त्या माणसाला विचारायचं.

मी म्हटलं, "काकू, तुम्हाला जायचंच नाहीये का फ्रीमाँटला?"

"नाही कोण म्हणालं? आन्या आहे तिथे, नात आहे माझी. विचारलं असतं तर कदाचित उद्याच निघाले असते."

"मग?"

"विचारलं नाही ना."

घर विकलं तर मलाही दुसरी खोली शोधावी लागेल. धोरण लिहिणाऱ्याचा हितसंबंध असेल तर तो जाहीर करायचा असतो. तळटीप टाकली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. काकूंचं हळदीकुंकू ठरलेलं होतं, ते खालीच झालं. अडचण अशी की बेसमेंटला बाहेरून दार नाही. स्वयंपाकघरातून जिना उतरायचा. म्हणजे आम्ही चारी बाजूंनी परक्या भूमीने वेढलेले. काकांशी वाटाघाटी मी केल्या. ते जिन्याच्या तोंडाशी उभे राहून म्हणाले, "बायकांना जाऊ देईन. पण स्नो बूट माझ्या हद्दीत काढायचे. कार्पेट ओलं होता कामा नये, फोटो काढायचेत घराचे."

पैठण्या सावरत बायका जिना उतरल्या. मालिनीकाकूंनी विचारलं, "अगं, वर का नाही केलंस?"

"वर परदेश आहे."

मालिनीकाकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग आणखी एक तिळगूळ घेतला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आमचं गराज जोडता येईल का गं तुमच्या प्रदेशाला?" मी म्हटलं, मधे तीन मैल रस्ता आहे. "असू दे की. अलास्का नाही का लांब?"

सगळं आवरल्यावर काकूंनी स्टीलच्या डब्यात तिळगूळ भरला. झाकणावर त्यांच्या आईचं नाव कोरलंय, सुमित्रा. "वर देऊन ये. सणाचं आहे. राजकारण वेगळं."

१५ जानेवारी, बुधवार

डबा परत आला. आत शेंगदाणे.

१६ जानेवारी, गुरुवार

डबा वर गेला, चिवडा घालून. रिकामा कसा द्यायचा?

१७ जानेवारी, शुक्रवार

डबा परत आला. आत दोन संत्री.

१९ जानेवारी, रविवार

व्यापार हाताबाहेर जातोय. मी मसुद्यात सीमा बंद असं लिहिलंय आणि डबा काही थांबत नाही. काकू रिकामा पाठवत नाहीत, काकाही रिकामा पाठवत नाहीत. काल आत बदाम होते. आज बहुतेक वरचा खाऊ संपला, रिमोटचे सेल आले. काकू सेल हातात घेऊन बघत राहिल्या. "रिकामा नाही पाठवला. एवढं तरी लग्नानंतर शिकला."

त्यांचे सॉक्स संपलेत हे मला माहीत आहे. दोन्ही पायांत वेगवेगळे दिसले. वॉशर खाली, पण ते खाली येत नाहीत. "बोलावल्याशिवाय मी कोणाच्या हद्दीत जात नाही," म्हणाले. काकू म्हणतात, "मी बोलावणार नाही. त्याने विचारावं." मधल्या जिन्यात मी. पाय दुखतात.

बाबांचा फोन आला. हिंगोलीत पाऊस नाही, थंडी बरी आहे, सायकलचं दुकान ठीक आहे. घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिलीच, त्यामुळे माझं काय चाललंय हे ते दुकानात सगळ्यांना सांगतात. विचारलं, "सध्या काय करतीस?"

"धोरण लिहितेय."

"कुणाचं?"

"एका प्रदेशाचं. लहान आहे."

"आपल्या तालुक्याएवढा?"

"त्याहून लहान."

"असू दे, असू दे. सुरुवातीला लहानच घ्यावं."

२२ जानेवारी, बुधवार

प्राध्यापिकाबाईंनी प्रोजेक्टबद्दल विचारलं. प्रत्यक्ष माहिती कुठून मिळाली? मी म्हटलं, मी तिथेच राहते. त्यांनी चष्मा काढला आणि फार आदराने माझ्याकडे पाहिलं. आता खुलासा कसा करू?

२३ जानेवारी, गुरुवार

एजंट आणि फोटोग्राफर आले. काका त्यांना घर दाखवत फिरत होते. बेसमेंटच्या दारापाशी थांबले. एजंटने दार उघडलं तर खाली काकू, खुर्ची टाकून, विणकाम घेऊन.

"नो एंट्री," काकू म्हणाल्या.

एजंटने काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "डिफरंट ज्युरिस्डिक्शन." अगदी गंभीरपणे. हसले नाहीत. मला वाटतं त्यांना आतून थोडा अभिमान वाटला.

एजंट सभ्य माणूस. म्हणाला, आय अंडरस्टँड. बूट आधीच काढले होते. बेसमेंटशिवाय घराचे फोटो काढून गेला.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी काकूंनी झेंडावंदन केलं. आमचा झेंडा नाही म्हणून भारताचाच, नकुलने शाळेत असताना केलेला. ड्रायरवर उभा केला. वरून काकांनीही राष्ट्रगीत म्हटलं, ऐकू आलं. एक ओळ पुढे होते.

दुपारी डबा आला. गरम होता.

शिरा. काकांनी स्वतः केलेला. गाठी होत्या, खाली लागला होता, साखर जास्त. डब्याखाली घराचे कागद, सहीच्या जागी पिवळा बाण चिकटवलेला.

काकूंनी चमच्याने शिरा खाल्ला. सगळा. मला एक घास दिला. म्हणाल्या, "तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा चहाशिवाय काही गॅसवर ठेवलं असेल याने." आणि डोळे पुसले. मग म्हणाल्या, "पेन दे गं."

"काकू, विचारलं कुठे त्यांनी?"

"शिरा केला ना. आता आणखी काय विचारायचं?"

"बाण चिकटवलाय, काकू."

त्यांनी बाणाकडे पाहिलं. नखाने थोडा उचकटला, परत दाबला. "नको. आता या वयात कुठे ताणायचं. उद्या करते सही. स्वायत्तता पुरे झाली, पाठ धरलीय त्या सोफ्यावर." कागद देवांपाशी ठेवले. आणि बेसन काढलं भाजायला.

लाडू वळताना दोनदा उठून ते कागद उघडून बघितले.  डबा भरून माझ्या हातात दिला. "सकाळी नेऊन दे. म्हणावं, खाली आहेत कागद, करते." मग म्हणाल्या, "तुझं ते कलम चांगलं होतं हं."

ते माझं नव्हतं. त्यांचंच होतं.

२७ जानेवारी, सोमवार

लाडू मी खाल्ले. जिन्यात बसून, सगळे. शेवटचा अगदी घशाखाली जाईना. मग डबा धुतला, फडक्याने कोरडा केला, आणि वर जाऊन काकांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. झाकण काढून, आत काही नाही हे दिसेल असा. काकूंना विचारलं नाही. कलम मोडलं.

काकांनी डब्यात पाहिलं. मग उलटा करून पाहिला. "रिकामा?" म्हणाले. "रिकामा दिला तिने? बरी आहे ना ती?"

मी वाटेतून बाजूला झाले.

ते उठले, दोन पायांत दोन रंगांचे सॉक्स, आणि जिना उतरले. तिसऱ्या पायरीवरून हाक मारली, "रत्ना, येऊ का खाली?" मी बेसमेंटचं दार बाहेरून लोटून घेतलं. आता वर बसून हे लिहितेय.