देवखोलीची चावी

आदिलाबाद,
२१ जून १९९२

प्रिय विनोदिनी,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. तीनदा लिहायला बसले आणि तिन्ही वेळा भाजी निवडायला उठले.

आधी तुझ्या घराविषयी सांगते. महिनाभर घरं बदलून राहू या, तू आमच्याकडे आणि आम्ही तुझ्या पहाडात, असं तू सुचवलंस तेव्हा मला गंमत वाटली होती. पहिले चार दिवस यांच्या हातातला नकाशा काही सुटेना. आज हे बघू, उद्या ते. पाचव्या दिवशी कंटाळून ओसरीवर बसले, ते बसलेच! देवदारांमधून धुकं वर चढताना बघत चहा प्यायचा आणि शेजारणीबरोबर झऱ्यावर जायचं. इतकं रिकामं मी लग्नानंतर कधी बसले नव्हते. तुझ्या घराला कुलूपच नाही याची आधी भीती वाटली, मग सवय झाली. देव्हाऱ्यात तुझी चिठ्ठी होती, 'कुमुद, दिवा आता तू लाव.' मी रोज लावला. लाज न वाटता लावला, हे विशेष.

आम्ही परतलो तर गोधड्या धुतलेल्या, लिंबाचं लोणचं मुरत ठेवलेलं. देवखोलीच्या उंबऱ्यापाशी मात्र फरशीवर तेलाचा काळा डाग. भांडी घासता घासता बयनाबाई म्हणाली, "त्या बाई रोज दाराम्होरं दिवा लावत होत्या. देवाले काऊन कोंडलं होतं तुमी?" मी तिच्यावरच खेकसले.

तू जातीबाहेर लग्न केलंस तेव्हा तुझ्या बाजूनं भांडणारी मी एकटीच, हे मी किती जणांना ऐकवलं असेल! भीमपूरचं माहेर तुला बंद झालं, म्हणून माझंच घर तुझं माहेर, असंही तोंड भरून म्हणत आले. सासूबाईंचं नाव पुढे केलं असतं, पण त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. देवखोलीला कुलूप घालून जाणं हे माझंच काम. महिनाभर देव अंधारात राहिलेले मला चालणार होते, तुझा हात लागलेला चालणार नव्हता. लिहितानाही तोंड लपवावंसं वाटतं आहे.

आणि तू पत्रात साधेपणानं विचारतेस, 'देवखोलीची चावी सापडली का ग?'

निघताना चावी हरवली म्हणून तुला सांगितलं, पण ती हरवलीच नव्हती, विनू. तुझ्या घरी, तुझ्याच उशीखाली ठेवून मी महिनाभर झोपले. आल्यावर ते दार उघडायला माझा हात धजला नाही. ती चावी या पाकिटात घातली आहे. दुसरी चावी नाही. हे चिडले आहेत, देवांना किती दिवस कोंडणार म्हणून. मीही आता उंबऱ्याबाहेरच दिवा लावते, तुझ्याच डागावर. तू येऊन दार उघडशील ना?

तुझीच म्हणवून घ्यायला संकोचणारी,
कुमुदिनी