टिंबाच्या जागी नाव

प्रिय भामा,

रोज फोनवर बोलतो, मग हे पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू आधी 'जेवलात का?' विचारतेस आणि माझं सांगायचं राहूनच जातं. राणीकडे नांदेडला गेलीस ती हाताला आराम म्हणून. लेकीच्या घरी लाटणं उचललंस तर माझ्याशी गाठ आहे.

रेणूनं तुला मोबाइल आणला तो दिवस आठवतो? सुनेचं म्हणणं साधं होतं. अडीअडचणीला कुणाही परक्याला लावता यावा म्हणून माझा नंबर सगळ्यात वर, नावानिशी. तू अडून बसलीस. नवऱ्याच्या नावावर रोज अंगठा ठेवायचा? शेवटी पोरीनं हात टेकले आणि नावाच्या जागी नुसतं टिंब टाकलं. घरात आमची किंमत टिंबाएवढी, असं मी अंबरपेठभर हसत सांगत फिरलो.

मग कोठीच्या बाजारात ऑटोतून उतरताना तू पडलीस आणि तुला भोवळ आली. तिथं बांगड्या विकणाऱ्या मावशींनी, त्या खालांनी, तुझा फोन उघडला. "नुक्ता दिखा बाबा, मैं समझी फोनीच खराब है," असं त्या मला नंतर म्हणाल्या. अशा नुक्त्याला, टिंबाला कोण फोन लावणार? त्यांनी राणीला लावला, तिनं नांदेडहून मला, आणि मी अफझलगंजचं बियाण्यांचं दुकान तसंच टाकून धावलो.

दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा नर्स तुला नवऱ्याचं नाव विचारत होती. "पेरु चेप्पम्मा," तिनं तेलुगूत पुन्हा नाव विचारलं. तुझे ओठ पांढरे पडलेले, तरी तू नाव घेईनास. मी सांगणारच होतो, तेवढ्यात तू डाव्या हातानं पदर सारखा केलास आणि म्हणालीस,

"हात मोडला कोठीत, हे बसले अफझलगंजात,
अप्पारावांचं नाव घेते एवढ्या लोकांत."

नर्सनं नुसतं 'अप्पाराव' लिहून घेतलं. तिला काय कळणार! लग्नात घेतलंस, त्यानंतर माझं नाव तुझ्या तोंडून थेट तेव्हा ऐकलं. मनगट मोडलेलं असताना यमक जुळवणारी, वर नवऱ्याला टोमणाही मारणारी बाई शोधून सापडायची नाही. मला तुझा फार अभिमान वाटला गं.

आता खरं सांगतो. छातीत दुखत होतं म्हणून रेणूनं मला डॉक्टरांकडे नेलं. पुढच्या सोमवारी हृदयाचं ऑपरेशन आहे. वेळप्रसंगी आधी कुणाला कळवायचं, असं त्यांनी विचारलं. माझा फोन उघडला, तर त्यात तू 'राणीची आई' होतीस. मीही तुझं नाव कधी कुठं घेतलं होतं? ते पुसून सगळ्यात वर 'भामा' लिहिलं, स्वतःच्या अंगठ्यानं. रागावू नकोस. आणि राणीला घेऊन लवकर ये. गुंगी उतरताना डॉक्टर हाका मारतात म्हणे. त्यांना मी ओ देईन की नाही, ठाऊक नाही. तू उशाशी उभी राहून उखाणा घे. नवा घे, जुना चालायचा नाही.

तुझाच,
अप्पाराव