बाबांचे खोडलेले कागद

रविवार, संध्याकाळ. शारजा.

लेकीचा, मुक्ताचा, वेल्सहून फोन आला. तिथल्या अभिलेखागारात तिने आज एका जुन्या वेल्श कवीचे कच्चे कागद पाहिले. "आई, द पोएट स्क्रॅच्ड आउट द सेम वर्ड सो मेनी टाइम्स! अँड दे केप्ट इट ऑल!"

खोडलेलंसुद्धा जपतात?

बाबांच्या कवितांचे कागद साताऱ्याहून मीच इथे, शारजातल्या रोल्ला भागात, आणले. आता घर बदलायचंय. सकाळी माझा नवरा सुधीर म्हणाला, "पक्क्या प्रती ठेव, बाकी खलास." मी हो म्हटलं. इतक्या सहज कशी म्हणाले?

फोन ठेवून बाबांच्या कागदांची पिशवी उघडली. बाबा स्वयंपाकघराच्या दारात बसून नवी कविता वाचायचे. आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "हा शब्द जड होतोय हो." की लगेच ते खोडायचे. पक्क्या प्रतींत आई कुठेच नाही. ती आहे फक्त या खोडाखोडीत. एका खोडलेल्या शब्दावर तर तिचं हळदीचं बोट उमटलंय, अजून पिवळं.

सुधीरला ते दाखवलं. तो स्वतःच्या खोक्यातले बूट बाहेर काढून कागदांसाठी जागा करू लागला.